अंगी न लागलेलं अन्न

‘सायन्स’ या नियतकालिकाच्या ऑक्टोबर २०१३मधल्या एका अंकात यास्पर द खुय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तीन पानी शोधनिबंध आला. ‘सर्व्हायव्हिंग इन अ मरीन डेझर्ट’, समुद्रातल्या वाळवंटात तगून राहणं, अशी त्याच्या शीर्षकाची सुरुवात आहे. विषय स्पंजांचा, स्थळ कॅरिबियन समुद्रातलं कुरासाओ बेट. शोधनिबंध माहितीपुरते चाळावेत आणि बाजूला ठेवावेत, अशी आपली सवय. हा मात्र ओळीओळीवर थांबत वाचावा असा आहे, कारण त्यात एक कोडं ज्या संयमानं उलगडत जातं तो संयम चांगल्या कथेतही क्वचित भेटतो.

शीर्षकातलं वाळवंट आधी समजून घ्यावं लागतं. उष्ण कटिबंधातलं निळं पाणी इतकं नितळ असतं, कारण त्यात पोषक द्रव्यं जवळपास नसतातच. अशा उपाशी पाण्यात प्रवाळभित्तीवर मात्र जीवांची दाटी. प्रवाळ आणि शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात खरे, पण त्यातला मोठा वाटा, कधी कधी निम्म्यापर्यंत, श्लेष्मा आणि शर्करांच्या रूपात पाण्यात विरघळून जातो. विरघळलेलं अन्न माशाला टिपता येत नाही, खेकड्याला नांगीत धरता येत नाही. खुल्या समुद्रात ते जिवाणू शोषतात, जिवाणूंना सूक्ष्म जीव खातात आणि अन्न पुन्हा साखळीत येतं. फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये मांडलेलं हे चक्र आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावलं आहे. प्रवाळभित्तीवरचा हिशेब मात्र एकट्या जिवाणूंवर जुळत नव्हता.

इथे निबंधाचा खरा नायक येतो. हॅलिसार्का सेरुलिया हा निळसर स्पंज भित्तीच्या पोटातल्या अंधाऱ्या कपारींत खडकाला चिकटून पसरतो. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. त्याच्या अंगातल्या नलिकांत चाबकासारखे तंतू हलवणाऱ्या पेशी असतात. त्या सतत पाणी आत ओढतात आणि गाळतात. याच गटानं आधी दाखवलं होतं की या स्पंजाच्या आहाराचा बहुतेक भाग विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा असतो, आणि स्वतःच्या अंगात जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश कार्बन तो रोज आत घेतो. एवढं खाऊन तो वाढत मात्र नाही. वाढणार तरी कुठे? कपारीतली इंच इंच जागा शेजाऱ्यांनी व्यापलेली असते. आपल्याकडे अशा माणसाबद्दल म्हणतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. या निबंधकर्त्यांचं मोठेपण असं की त्यांनी ही विसंगती मोजमापातली चूक म्हणून झटकली नाही. अंगी लागत नाही, तर जातं कुठे, या एका प्रश्नावर त्यांनी सगळी मांडणी उभी केली.

उत्तराचा पहिला धागा २००९च्या त्यांच्याच कामात होता. या स्पंजाच्या गाळणाऱ्या पेशी पाच-सहा तासांत विभागतात, आणि जुन्या पेशी तितक्याच झपाट्यानं गळून बाहेर पडतात. मला इथे एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटची आठवण होते. १८२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत त्यानं स्पंजाच्या तोंडातून जोरानं बाहेर पडणारा प्रवाह वर्णिला, आणि त्या प्रवाहाबरोबर अपारदर्शक गोळे बाहेर फेकले जाऊन आसपास विखुरतात हेही नोंदलं. प्रवाह सगळ्यांच्या लक्षात राहिला. गोळ्यांकडे मात्र पावणेदोनशेहून अधिक वर्षं फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

२०१३चा निबंध त्या गळालेल्या पेशींचा पाठलाग करतो. कार्बन आणि नायट्रोजनचे जड समस्थानिक घातलेलं विरघळलेलं अन्न चार जातींच्या स्पंजांना दिलं. अणूंवर जणू खूण केली. खूण आधी स्पंजाच्या अंगात सापडली, मग त्यानं टाकलेल्या गाळात, मग तो गाळ चिवडून जगणाऱ्या छोट्या प्राण्यांच्या शरीरात. आधी टाक्यांत, मग प्रत्यक्ष प्रवाळभित्तीवर. प्रत्येक पायरीवर लेखक तेवढंच म्हणतात जेवढं खुणेनं सांगितलं, आणि म्हणूनच शेवटचं विधान येतं तेव्हा वाचक थरारतो: स्पंजांच्या या चक्रातून वाहणारं द्रव्य संपूर्ण भित्तीच्या प्राथमिक उत्पादनाच्या तोडीचं आहे. कुणाला टिपता न येणारं अन्न स्पंज घासात बसेल असं करून तळाशी ठेवतो, आणि ते भित्तीतून वाहून जाण्याऐवजी भित्तीतच राहतं.

या विधानापाशी मी थोडा अडखळतो. चार जातींवरून अख्ख्या भित्तीवर घेतलेली ही उडी तीन पानांच्या मानानं लांब आहे. पुढे ती तपासलीही गेली. २०१६मध्ये तांबड्या समुद्रातल्या आणि नॉर्वेच्या थंड पाण्यातल्या स्पंजांनी प्रवाळांचा श्लेष्मा पचवून गाळात उतरवल्याचं दिसलं. उलट २०१८मध्ये कॅरिबियनमधल्या उंच, उघड्यावर वाढणाऱ्या स्पंजांपैकी बहुतेकांत असा गाळ तयार होताना आढळला नाही. त्यांना पसरायला मोकळी जागा असते, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागण्याची सोय त्यांच्याकडे आहे, असं मला यातून वाटतं.

म्हणून निबंध पुन्हा वाचताना मी भित्तीच्या माथ्यावरचे देखणे स्पंज बाजूला ठेवतो आणि तिच्या पोटातल्या कपारींकडे पाहतो. पाणबुड्याला वरून दिसणाऱ्या पृष्ठभागापेक्षा या कपारींच्या भिंतींचं क्षेत्रफळ जास्त भरू शकतं, आणि त्यांवर स्पंजांचंच राज्य असतं. तो विस्तार हिशेबात धरला की लेखकांची उडी तेवढी धाडसी वाटत नाही. तिचं सगळं ओझं कपारीतल्या त्या काही मिलिमीटर जाडीच्या थरांवर आहे.