प्रश्न न विचारणारी मढी

वर्ष सरलं की चित्रपटांच्या याद्या निघतात आणि भयपटांच्या यादीत झोंबीपटांचा एक वेगळा कप्पा असतो. २०२५ सालापुरता तो कप्पा भरायचा तर तीन नावं बिनदिक्कत लिहिता येतात : डॅनी बॉयलचा ‘२८ इयर्स लेटर’, कोरियाचा ‘माय डॉटर इज अ झोंबी’ आणि त्या वर्षी महोत्सवात आलेला ऑस्ट्रेलियाचा ‘वी बरी द डेड’. तिन्ही जरूर पाहावेत. चौथं नाव मराठी असायला हरकत नव्हती, पण ते नाही. २६ जानेवारी २०२२ ला आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ प्रदर्शित झाला, मराठीतला पहिला झोंबीपट म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि त्यानंतर लोकांच्या तोंडी राहील असा दुसरा झोंबीपट मराठीत आलेला नाही. यावर ‘आपला तो प्रकारच नव्हे’ असं म्हणून हात झटकण्याची पद्धत आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जगातला झोंबीपट गेल्या काही वर्षांत हळूहळू आपल्या भुतांकडे सरकतो आहे, आणि आपण मात्र त्याने मागे टाकलेल्या, नुसतं धावून चावणाऱ्या गर्दीची नक्कल करत बसलो आहोत.

झोंबी जन्माला आला तो हैतीतल्या उसाच्या मळ्यांवर. गुलामाला मेल्यानंतरही सुटका नाही, मालक त्याचं प्रेत उठवून पुन्हा कामाला जुंपतो, ही ती मूळ भीती. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’मध्ये साखर कारखान्यात मुकाट राबणारी प्रेतं आहेत. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला आणि मालक कथेतून बाहेर काढला. आता मढी कुणाच्या हुकमावरून उठत नव्हती. ती उठत होती, चालत होती, खात होती. पण रोमेरोला गर्दीपेक्षा घरात अडकलेल्या जिवंत माणसांत रस होता. त्याचा कृष्णवर्णीय नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी सुटका करायला आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो. १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये प्रेतं सवयीने मॉलकडे येतात. संभाजीनगरच्या प्रोझोन मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर रविवारी संध्याकाळी उभं राहिलेल्या कुणालाही तो विनोद समजावून सांगावा लागणार नाही. पुढे २००२ मध्ये बॉयलच्याच ‘२८ डेज लेटर’ने बाधितांना पळायला लावलं आणि हा प्रकार बदलला. वेग वाढला, चेहरे पुसले गेले. नंतरच्या डझनावारी चित्रपटांनी तेवढाच वेग उचलला, आणि झोंबी म्हणजे व्हिडिओ गेममधलं लक्ष्य होऊन बसला.

म्हणून २०२५ चे तीन चित्रपट लक्षात घेण्यासारखे आहेत. ‘२८ इयर्स लेटर’मध्ये राल्फ फाइन्सने रंगवलेला डॉक्टर केल्सन ओसाड मुलखात कवट्यांचा मनोरा रचत बसला आहे. त्यात बाधितांच्याही कवट्या आहेत आणि बिनबाधितांच्याही; तो भेद करत नाही. बारा वर्षांचा मुलगा आजारी आईला घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि सिनेमाचा सगळा रोख पळापळीवरून अंत्यविधीकडे वळतो. कोरियन चित्रपटात बाप प्राणिसंग्रहालयात वाघांना शिकवणारा आहे. मुलीला संसर्ग झाल्यावर तो तिला सरकारच्या हाती न देता समुद्रकाठच्या गावी आपल्या आईकडे लपवतो आणि वाघाला शिकवावं तसं तिला पुन्हा माणसात आणू पाहतो. आजी तर नातीला पाठ खाजवायच्या काठीचा धाक दाखवते, आणि नात दबते! ‘वी बरी द डेड’मध्ये एका लष्करी दुर्घटनेत टास्मानियातली असंख्य माणसं मरतात आणि बायको नवऱ्याचं प्रेत शोधायला प्रेतं उचलणाऱ्या पथकात सामील होते. सगळे मेलेले उठत नाहीत, काहीच उठतात, आणि ते का उठतात याचं उत्तर अपुऱ्या राहिलेल्या कशाकडे तरी बोट दाखवतं. अपुरी इच्छा, राहिलेला विधी, घरच्यांनी न सोडलेलं माणूस : ही सामग्री मराठी वाचकाला नवी आहे का?

आपल्याकडे मेलेल्याला नाव असतं आणि तक्रारही असते. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. ज्याचं क्रियाकर्म झालं नाही, ज्याचा जीव इस्टेटीत अडकला, तो समंध. ही भुतांची जंत्री म्हणजे खरं तर समाजाने कुणाकुणाचं देणं बुडवलं याची वही आहे. त्यामुळे आपल्याकडे भुताशी पहिला व्यवहार चौकशीचा असतो. भगत विचारतो, कोण तू, कुठनं आलास, काय पाहिजे? झोंबीला हे विचारता येत नाही, हा या दोन परंपरांतला खरा फरक.

आणि जगभरच्या साहित्यातलं सर्वांत चतुर चालतं-बोलतं मढं तर आमच्या जिल्ह्यातलं आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात बसून ‘कथासरित्सागर’ लिहिला, पण त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन राहतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणला. ज्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वर सोमदेवाने आपला ग्रंथ बेतला, त्याची आख्यायिकाही सातवाहनांच्या दरबाराशीच जोडलेली आहे. वेताळाच्या कथेत एक जोगी रोज त्रिविक्रमसेनाला फळ आणून देतो, राजा ते न बघता कोठारात पाठवतो. एक दिवस माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. त्या रत्नांच्या उपकारात अडकलेला राजा जोग्याच्या सांगण्यावरून स्मशानातल्या झाडावर लटकलेलं प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतात वेताळ आहे. तो गोष्ट सांगतो, शेवटी न्यायाचा पेच टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटेल, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. ‘चांदोबा’ वाचत वाढलेल्या पिढ्यांना हे प्रकरण पाठ आहे. मढ्याचं वजन खांद्यावर, चालायचं आहे, आणि चालता चालता विचारही करायचा आहे. भयकथेचा इतका घट्ट साचा हाताशी असताना आपल्या पडद्यावर त्याचं काय झालं? २०२० च्या ‘बेताल’ या वेबमालिकेत वेताळाच्या नावाखाली कंपनी सरकारचे लाल डगलेवाले सैनिक उठले. २०२५ च्या ‘थामा’त बेताल म्हणजे रक्तपिपासूंची जमात झाली. नाव घेतलं, प्रश्न टाकून दिले.

‘झोंबिवली’ या कसोटीवर अर्धा उतरतो, आणि तो जिथे उतरतो तो भाग आजही टिकून आहे. अमेय वाघने केलेला इंजिनीअर सुधीर गरोदर बायकोला घेऊन डोंबिवलीच्या नव्या टॉवरमध्ये राहायला येतो. शेजारी वस्ती आहे, तिथे पाण्याची बोंब आहे, आणि तिथला विश्वास, म्हणजे ललित प्रभाकर, त्या पाण्यासाठी भांडतो आहे. रोग पसरतो तो दूषित पाण्यातून. ही कल्पना अस्सल इथली आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराचा नकाशा पाण्याच्या वेळापत्रकावरून काढता येतो. जायकवाडीचं धरण उशाशी असून काही दिवसांआड नळाची वाट बघणाऱ्या संभाजीनगरला तर हे निराळं सांगायला नको. टॉवरला पाणी, वस्तीला विष, आणि मग वस्तीच टॉवरच्या दाराशी आलेली : यात मढ्यांना तक्रार आहे. पण ती तक्रार सिनेमा शेवटपर्यंत धरून ठेवत नाही. बाधित झाल्यावर वस्तीतल्या माणसांचे चेहरे गर्दीत मिसळतात आणि उरतो तो दांडकी घेऊन केलेला मुकाबला. संदेश मग विश्वासच्या भाषणातून द्यावा लागतो. जी गोष्ट मेलेल्यांनी सांगायला हवी होती ती जिवंतांच्या संवादांवर आली, हे माझ्या मते पटकथेचं अपयश आहे, तंत्राचं नव्हे. रंगभूषा आणि गर्दीची हाताळणी मराठीच्या ऐपतीच्या मानाने चोख होती.

बाकीच्या भारतीय प्रयत्नांबद्दल थोडक्यात. राज आणि डीकेंचा ‘गो गोवा गॉन’ (२०१३) मजेदार आहे, पण त्यातला गोवा पर्यटकांचा. तिथल्या माणसांना त्यात जागा नाही. तमिळ ‘मिरुथन’ (२०१६) सरधोपट. तेलुगू ‘झोंबी रेड्डी’ (२०२१) मात्र हुशार निघाला, कारण प्रशांत वर्माने झोंबी थेट रायलसीमेतल्या घराण्यांच्या खुनी वैरात नेऊन सोडले. जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर कोयते घेऊन धावतातच, तिथे झोंबी आल्याने नेमकं काय बदलतं, हा त्यातला काळा विनोद आहे.

आता आक्षेप. पहिला पैशाचा, आणि तो सर्वांत लंगडा. २०१७ चा जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ एका अभिनय-कार्यशाळेतून सुमारे ३० लाख येनमध्ये झाला, म्हणजे आपल्या वीसेक लाख रुपयांत. त्यातली पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटची आहेत आणि मुद्दाम गचाळ वाटतील अशी आहेत. ती गचाळ का, हे उरलेल्या तासात कळतं आणि पोट धरून हसू येतं. त्याला पैसा लागला नाही, लिखाण लागलं. दुसरा आक्षेप असा की आपण प्रेतं जाळतो, मग उठणार कोण? पण आजच्या झोंबीला कबर लागत नाही, चावा पुरतो. बॉयलचे बाधित तर मेलेलेही नाहीत. शिवाय लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती, संन्यासी, तान्ही बाळं, हे सगळे मराठी मुलखातच पुरले जातात. मराठवाड्यात हे सांगावं लागू नये.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर २०१३ मध्ये नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे भगत, मुंजा आणि वेताळ पुन्हा पडद्यावर आणणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी नव्हे का? खतपाणी होऊ शकतं, आणि पुष्कळ मराठी भयपटांत ते होतंही. शेवटच्या रिळात मांत्रिक येऊन सगळं निस्तरतो तेव्हा दिग्दर्शकाने हात टेकलेले असतात. पण वेताळाची कथा पुन्हा नीट वाचावी. त्यात खलनायक आहे तो जोगी, आणि त्याचा बेत आहे राजाचा बळी देण्याचा. तो कट राजाला उघड करून सांगतो तो खांद्यावरचा मुडदा. नरबळीचा बेत हाणून पाडणारं प्रेत ज्या कथेत आहे तिला अंधश्रद्धेच्या रांगेत बसवता येत नाही. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (२०१७) हेच करतो : उसाच्या फडात गरोदर बाईला घेरणारी भुतं ही मुलीचा जन्म नकोसा असलेल्या घराची पापं आहेत, आणि भीती शेवटी जिवंतांचीच वाटते.

‘झोंबिवली’च्याच सरपोतदारांनी पुढे कोकणातला मुंजा उचलला आणि २०२४ च्या ‘मुंज्या’ने देशात शंभर कोटींच्या आसपास गल्ला जमवला, पण हिंदीत. परका झोंबी मराठीत आणि घरचा मुंजा हिंदीत, असा हा उलटा हिशेब आहे. यावर कुणी म्हणेल की यशाचं कारण मॅडॉक या निर्मितीसंस्थेची जाहिरात आणि तिच्याच आधीच्या ‘स्त्री’ चित्रपटामुळे तयार झालेला प्रेक्षक. तेही खरं. पण त्या मुंजाला हट्ट आहे, त्याला एक ठरावीक मुलगी हवी आहे, आणि त्या हट्टापायी पटकथा पुढे सरकते.

मराठी झोंबीपटाला अशी सामग्री शोधायला फार लांब जावं लागणार नाही. कोरियाच्या ‘किंगडम’ या २०१९ च्या मालिकेत साथ पसरते ती दुष्काळात : भुकेने कासावीस झालेले रुग्ण नकळत माणसाच्या मांसाचा रस्सा पितात आणि रात्री उठतात. तिथे मढ्यांची भूक म्हणजे जिवंतपणी न भागलेली भूकच, आणि दोष दरबाराचा. आता १६३० ते १६३२ चा दख्खनचा दुष्काळ आठवावा, ज्यात तुकोबांची पहिली पत्नी गेली. शहाजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहून ठेवतो की मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळून विकली गेली आणि माणसं माणसांना खाऊ लागली. बादशहा त्या वेळी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता, मोहीम निजामशाहीवर होती. १६३३ मध्ये दौलताबादला वेढा पडला, आत दाणागोटा संपत आला आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला खाली केला. त्या किल्ल्याची अंधारी वाट, तो खंदक, एकच दार, बाहेर सैन्य आणि आत उपाशी शिबंदी : झोंबीपटाला लागणारा बंदिस्त अवकाश यापेक्षा चांगला कुणी बांधून देणार नाही. पुरातत्त्व खात्याची परवानगी, पोशाख, घोडे यांचा खर्च मोठा होईल, हे मान्य. तर मग एकच तटबंदी, एकच रात्र आणि दहा-बारा माणसं घ्यावीत. रोमेरोने एका शेतघरात भागवलं होतं. आपल्या चित्रपटातल्या उपाशी मढ्यांना मात्र बोलता आलं पाहिजे, दख्खनीत बोलली तर उत्तमच, आणि धान्य कुणाच्या कोठारात गेलं हे त्यांनी आतल्यांना विचारलं पाहिजे.