मँडोलिनचा गोतावळा : नाम, वर्ग आणि वादक

वाद्यांच्या अभ्यासात 'कुटुंब' हा शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो, की ते मुळात एक रूपक आहे याचा विसर पडावा. भाषाशास्त्रातही 'भाषाकुल' हा शब्द असाच रूढ झाला. परंतु तेथे त्यामागे ध्वनिनियमांची कठोर कसोटी उभी आहे. मराठी व बंगाली या भगिनी होत असे आपण म्हणतो, ते त्या एकमेकींसारख्या दिसतात म्हणून नव्हे, तर त्यांच्यातील भेदसुद्धा नियमबद्ध रीतीने एका मूळ रूपापर्यंत नेऊन दाखविता येतात म्हणून. मँडोलिन आणि त्याच्या भोवतीची मँडोला, मँडोचेलो, आयरिश बुझुकी, अल्जीरियातील मांडोल इत्यादी वाद्ये एका कुटुंबातील आहेत असे ग्रंथकार लिहितात, तेव्हा त्यांच्या हाती अशी कोणती कसोटी असते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. एखादे वाद्य 'खरे' की 'उपरे', या निवाड्यावर त्याच्या वादकाचे मैफलीतील स्थान पुष्कळदा अवलंबून राहिले आहे.

प्रथम वर्गीकरणाची कसोटी घेऊ. नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध व घन या चतुर्विध विभागणीचा आधार ब्रुसेल्सच्या माहियों याने एकोणिसाव्या शतकात घेतला आणि पुढे १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल व झाक्स या पंडितांनी आपली दशांश-अंकांची पद्धती सिद्ध केली. संग्रहालयाच्या कपाटांना ती अत्यंत सोयीची आहे, यात शंका नाही. पण ही पद्धती दांडीच्या तंतुवाद्यांचे दोन वर्ग पाडते, ते वाद्याचे पोट वाडग्यासारखे खोल आहे की पेटीसारखे, एवढ्यावरून. नेपल्सचे मँडोलिन, ज्याचे पोट लाकडाच्या पातळ फाळी जुळवून गोल केलेले असते, ते पहिल्या वर्गात बसते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कालामाझू येथे ऑर्व्हिल गिब्सन याने व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून मँडोलिन केले व १८९८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. ते दुसऱ्या वर्गात जाते. दोहोंच्या तारा आठ, जोड्या चार, स्वरमेळ एकच. एकाचा वादक दुसरे हाती घेऊन त्याच क्षणी वाजवू लागेल. तरीही कोष्टकात त्यांची घरे निराळी!

मग स्वरमेळाचीच कसोटी का लावू नये? मँडोलिनच्या जोड्या जी, डी, ए, ई अशा, म्हणजे आपल्या परिभाषेत षड्ज-पंचमभावाने, लावतात. मँडोला व्हियोलाप्रमाणे सी, जी, डी, ए अशी लागते, आणि मँडोचेलो त्याखाली एक सप्तक. येथवर सर्व सुरळीत चालते. पण गिब्सन कंपनीने १९१२ मध्ये मँडो-बास नावाचे एक अवाढव्य वाद्य बाजारात आणले. त्याला जोड्या नाहीत, चार एकेरी तारा आहेत. आणि त्या षड्ज-मध्यमभावाने लागतात. त्या काळच्या अमेरिकन मँडोलिन-वृंदांना खर्जाची गरज होती म्हणून ते जन्मले, व डबल बास तेच काम अधिक चांगले करीत असल्यामुळे मागे पडले. ते एक अपवाद म्हणून सोडून देता येईल. तथापि विवाल्दीने सी मेजरमधील आपली सुप्रसिद्ध कॉन्चेर्तो ज्या मँडोलिनसाठी रचली, ते जुने वाद्यही मुख्यत: षड्ज-मध्यमभावानेच लागत असे. ज्या कसोटीने विवाल्दीचे मँडोलिन मँडोलिन ठरत नाही, ती टाकून द्यावी हेच बरे.

नावांकडे वळले म्हणजे गोंधळ अधिकच रंजक होतो. इतालियन भाषेत 'मांदोलीनो' म्हणजे लहान मांदोला. आपल्याकडे सुरा-सुरी, दोर-दोरी या जोड्यांत लघुत्व लिंगबदलाने येते, तिथे ते प्रत्ययाने येते इतकेच. पण लेक आईहून प्रसिद्ध झाली आणि घराला तिचेच नाव पडले. परिणामी मँडोलिनहून एक सप्तक खाली बोलणाऱ्या मोठ्या वाद्याला अमेरिकेत 'ऑक्टेव्ह मँडोलिन' म्हणू लागले. सुऱ्याला 'मोठी सुरी' म्हणावे त्यातलाच हा प्रकार. ब्रिटन व आयर्लंडमध्ये त्याच वाद्याला 'ऑक्टेव्ह मँडोला' म्हणतात, तर जर्मन तंतुवृंदांत त्याचे नाव नुसते 'मांडोला'. एकाच शब्दाखाली लिहिलेली स्वरलिपी जर्मनीत एका वाद्याची व अमेरिकेत दुसऱ्याची ठरते. 'मँडोचेलो' हा शब्द तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा आहे. 'व्हियोलोने' म्हणजे मोठी व्हियोला; तिच्यापेक्षा लहान ती 'व्हियोलोंचेलो'. म्हणजे 'चेलो' हा केवळ लघुत्वाचा प्रत्यय होय. इंग्रजीने तो शब्दापासून तोडून स्वतंत्र नाम केला आणि मग त्याला खर्जाचा अर्थ देऊन 'मँडो'पुढे जोडला. लहानपणा दर्शविणारा प्रत्यय थोरल्या वाद्याच्या कपाळी आला! यास चूक म्हणावयाचे तर निम्मा शब्दकोश चुकांचाच म्हणावा लागेल.

रूप, स्वरमेळ व नाम या तिन्ही कसोट्या अशा अपुऱ्या पडतात. राहतो तो वादक. माझ्या मते या वाद्यांतील नाते जन्माने आलेले कमी आणि दत्तकविधानाने आलेले अधिक आहे; आणि तो विधी कारागिराहूनही वादकाने केलेला आहे. आयरिश बुझुकी हे याचे उत्तम उदाहरण. बुझुकी मूळची ग्रीसची, तंबूर-परंपरेतील लांब दांडीची. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास जॉनी मॉयनिहान याने ती आयरिश लोकसंगीतात आणली आणि जी, डी, ए, डी अशी लावली. पुढे डोनल लनी याच्यासाठी पीटर ॲबनेट या इंग्रज कारागिराने सपाट पाठीची बुझुकी घडविली, आणि ग्रीसशी असलेले तिचे शरीरसाम्यही सुटत गेले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या 'प्लँक्स्टी' या संचात लनी व अँडी अर्विन यांचे वादन ऐकावे. एकाने चाल धरावी व दुसऱ्याने ठेका द्यावा अशी सरळ वाटणी तेथे नाही. दोन तंतुवाद्यांच्या स्वररेषा एकमेकींत गुंतत जातात, आणि गीताला त्या खालून उचलून धरतात. आयरिश संगीत मूलत: एकरेषीय, त्यात स्वरसंवादांची दाट भर घातली तर सुरावट गुदमरते. दुहेरी तारांचा निनाद, षड्ज-पंचमाची मोकळी चौकट आणि दांडीच्या लांबीमुळे रेंगाळणारा नाद यांनी ही अडचण सोडविली. हे वाद्य या संगीताला हवे होते असे आता वाटते. पण ते आणण्यापूर्वी तसे कोणालाच वाटले नव्हते.

अल्जीरियातील शाबी संगीतात अल-हाज म्हामद अल-अंका (१९०७–१९७८) यांनी मोठ्या आकाराच्या मांडोलला जे मध्यवर्ती स्थान दिले, तेही असेच एक दत्तक. ब्राझीलमध्ये झाकोब (१९१८–१९६९) या वादकाच्या नावालाच वाद्याचे नाव चिकटले व तो 'झाकोब दो बांदोलिं' झाला. पुढे आमिल्तों दि ओलांदा याने आठांच्या दहा तारा केल्या.

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे, कारण येथे निवाडाही प्रत्यक्ष झाला. हिंदी चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) मँडोलिनवर रागसंगीत वाजवीत. परंतु 'संगदिल'सारख्या चित्रपटांच्या संगीतामुळेच त्यांचे नाव राहिले, वादक म्हणून त्यांना मिळावयाचे ते श्रेय मिळाले नाही. आंध्रातील पालकोल्लू येथे जन्मलेले यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी मात्र बालवयातच कर्नाटक संगीताची सभा जिंकली. त्यांच्या वाद्याकडे वर्गीकरणकाराच्या नजरेने पाहावे : पोकळ पोट नाही, कारण वाद्य विजेवर चालणारे, जोड्या नाहीत, एकेरी तारा, आणि त्याही पाच. मँडोलिनचे म्हणून जे जे सांगितले जाते, त्यातील बहुतेक सर्व येथे गळालेले. पण का गळाले? दोन तारा एकदम ओढून गमक घेतले तर त्या एकमेकींशी बेसूर होतात, म्हणून जोड्या गेल्या. दीर्घ स्वर टिकावा म्हणून विजेचे साहाय्य आले. मंद्रासाठी पाचवी तार आली. प्रत्येक त्यागामागे रागाची मागणी होती. परदेशी, पडद्यांचे वाद्य म्हणून जाणकारांनी प्रारंभी शंका घेतल्या, त्या अगदीच निराधार नव्हत्या. त्यांच्या अतिद्रुत वादनात बोटांचे कौतुक रागावर मात करते असे मलाही वाटते. त्या शंकांचे उत्तर विलंबित आलापात मिळते, जेथे पडदे आहेत याचा ऐकणाऱ्यास विसर पडतो. व्हायोलिनही बाळुस्वामी दीक्षितरांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, उपरेच होते. आज ते नसेल तर कर्नाटक मैफल सुनी वाटते. उसन्या शब्दांवर भाषाशुद्धीच्या वादात जे आक्षेप घेतले गेले, त्यांच्याशी या आक्षेपांचे साम्य उघड आहे. शब्द कोठून आला याची नोंद व्युत्पत्तिकाराने ठेवावी. तो मराठी आहे की नाही हे त्याला लागणारे विभक्तिप्रत्यय सांगतात. वाद्याला लागणारे गमक हेच त्याचे विभक्तिप्रत्यय.

या दृष्टीने पाहता एक काम आपल्या दाराशीच पडून आहे. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीत 'बेंजो' वाजतो. तो अमेरिकेचा बँजो नव्हे. जपानमध्ये नागोया येथे १९१२ च्या सुमारास निघालेल्या, टंकयंत्रासारख्या कळांच्या 'ताइशोगोतो'चा तो वंशज. बुलबुलतरंगाचा सख्खा भाऊ. कोशकार या शब्दापुढे बहुधा परकीय वाद्याचाच अर्थ देतील, आणि मिरवणुकीतील वाद्यास 'चुकीने' हे क्रियाविशेषण लावतील. ती नोंद माझ्याकडे आली तर पहिला अर्थ मी मिरवणुकीतल्या बेंजोचा देईन, आणि 'चुकीने' हा शब्द खोडून टाकीन.