ठोका शोधण्याचे एक मिनिट

पुन्हा पुन्हा वाचावा असा मजकूर फक्त कवितेतच सापडतो असे नाही. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये मान्य केलेली चाचणी क्रमांक २३६ मी अशीच पुन्हा पुन्हा वाचतो. विषय रुक्ष आहे: झेब्राफिशच्या नुकत्याच फलित झालेल्या अंड्यांवरून पाण्यातले विष ओळखणे. पण शिनोली गावी घोड नदीच्या काठी बसून ती वाचली की तिचे एकेक वाक्य उलगडत जाते.

अंडे साधारण मिलिमीटरभराचे आणि काचेसारखे पारदर्शक. प्रत्येक तीव्रतेच्या पाण्यात वीस अंडी, प्रत्येकाला आपला खळगा, तापमान २६ अंशांच्या आसपास, मुदत ९६ तास. दर चोवीस तासांनी चारच गोष्टी पाहायच्या. अंडे साकळून दुधी झाले का? पाठीच्या बाजूचे स्नायूंचे खंड उमटले का? शेपटी बलकापासून सुटली का? हृदय चालते का? पहिला प्रश्न अंडे तगले की नाही याचा, पुढचे तीन जीव घडण्याच्या क्रमाने. एकाचेही उत्तर वाईट आले की तो जीव मेला असे धरायचे.

मला सर्वांत भावते ती चौथ्या प्रश्नाची सूचना. ठोका दिसला नाही म्हणून लगेच नोंद करायची नाही. किमान ८० पट मोठे करून निदान एक मिनिट पाहत राहायचे. ठोका अनियमित असला तरी तो मृत्यू नव्हे, हेही बजावलेले आहे. ज्याने हे लिहिले त्याला घाईचा धोका ठाऊक होता. मोजमापाच्या कोरड्या भाषेत इतकी माया मी क्वचित पाहिली आहे.

आपल्याकडच्या १९८६च्या पर्यावरण नियमांतही मासा साक्षीला आहे: सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. पण तिथे अख्खा मासा पणाला लागतो. जर्मनीने सांडपाण्याच्या तपासणीत तो सोडून अंडी घेतली. स्वतः खाऊ न लागलेल्या जिवावर चाचणी संपवणे, ही दयाही आहे आणि शहाणपणही.

रासायनिक अहवालात सामू, प्राणवायू, बीओडी असे आकडे सुटेसुटे येतात, आणि जे विचारले तेवढेच सापडते. अंड्याला मात्र सगळे मिश्रण एकत्र भोगावे लागते. म्हणून त्याची साक्ष मोलाची.

तरी या मजकुरात एक उणीव आहे आणि ती शिनोलीसारख्या शेतीच्या गावाला लागू पडते. मज्जासंस्थेवर मारा करणारी कीटकनाशके या चार प्रश्नांत पुरेशी पकडली जात नाहीत. हृदय चालू असते, शेपटी सुटलेली असते, पण जीव धड पोहू शकणार नसतो. अंड्याचे कवचही मोठ्या रेणूंना काही काळ अडवते. म्हणजे चारही उत्तरे चांगली आली तरी पाणी निर्दोष ठरत नाही. रसिकाने आवडत्या कवितेतलाही सैल चरण दाखवावा, तसा हा मी दाखवतो.

घोड आहुप्याच्या डोंगरातून येते आणि डिंभ्याच्या धरणात अडते. जुने आंबेगाव त्याच जलाशयाखाली गेले. धरणाखाली उसाची, कांद्याची शेते लागतात. फवारलेले बरेच काही पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर पात्रात उतरते. मासे पांढरे पोट वर करून तरंगू लागले की आपण धावतो. तोवर त्यांची अंडी कधीच गेलेली असू शकतात.

या तालुक्यातल्या, सूक्ष्मदर्शक असलेल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. धरणाच्या पायथ्याचे, शिनोलीचे आणि घोडेगावच्या खालचे पाणी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पहिल्या पावसानंतर, या अंड्यांना दाखवा. आणि ठोका दिसला नाही तर एक मिनिट थांबा.