‘आमच्या’मधील ‘मी’ : रमाबाई रानडे यांच्या आठवणींतील आत्मसंशय

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथाचे वाचन प्रामुख्याने दोन दिशांनी होत आले आहे. पहिल्या दिशेने तो न्यायमूर्ती रानडे यांच्या चरित्राचे साधन ठरतो. त्यांचा संयम, सहिष्णुता आणि दिनक्रम यांचा घरातून मिळालेला दाखला म्हणून त्याचे मोल केले जाते. दुसरी दिशा स्त्रीवादी समीक्षेची आहे. तिला या ग्रंथात सुधारक पतीने घडविलेली आणि घडविल्याबद्दल कृतज्ञ राहिलेली पत्नी दिसते. ही वाचने परस्परविरोधी वाटली तरी एक गृहीत त्यांना समान आहे : या संहितेला स्वतःचा असा ‘स्व’ नाही. हे गृहीत तपासायचे तर संहितेत पुनःपुन्हा येणाऱ्या एका भावस्थितीकडे, म्हणजे आत्मसंशयाकडे, पाहणे आवश्यक ठरते.

या आत्मसंशयाला सामाजिक पार्श्वभूमी आहे. कुर्लेकरांच्या घरातील अकरा वर्षांची मुलगी १८७३ मध्ये एकतीस वर्षांच्या विधुराशी विवाहबद्ध होते. ज्या पुरुषाने विधवाविवाहाचा पुरस्कार केला, त्यानेच वडिलांच्या आग्रहापुढे नमते घेऊन हा विवाह केला आहे. तो पत्नीला अक्षरओळख करून देतो, पुढे इंग्रजीही शिकवितो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने मात्र हे शिक्षण म्हणजे कुलाचाराचा भंग आहे. दिवसा टोमणे आणि रात्री धडे, अशा दोन सत्तांमध्ये ही मुलगी वाढते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात येतात, आर्य महिला समाज स्थापन होतो, आणि त्या सभांना जाणे हेच घरात वादाचे कारण बनते. १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघते. त्या उपक्रमाच्या जाहीर सभेत इंग्रजी निवेदन वाचण्याचे धाडस नायिका करते आणि त्याची किंमत घरी मोजते.

येथे संशयाची दोन रूपे वेगळी करावयास हवीत. ‘आपण शिकतो हे योग्य आहे काय?’ हा पहिला संशय बाहेरून लादलेला आहे. पतीच्या पाठबळाने तो हळूहळू विरतो. परंतु त्याच्या जागी दुसरा संशय उभा राहतो : ‘आपण यांच्या योग्यतेच्या आहोत काय?’ हा संशय पतीच्या साहाय्याने दूर होऊ शकत नाही, कारण त्याचा उगमच पतीच्या थोरवीत आहे. रानड्यांचे मौन हे या संहितेतील सर्वांत कठोर शासन आहे. नायिका वडीलधाऱ्या स्त्रियांच्या दबावाखाली पतीच्या इच्छेविरुद्ध वागते तेव्हा तो रागावत नाही, बोलणेच थांबवितो. टोमण्यांना निदान मनातल्या मनात उत्तर देता येते. मौनाला उत्तर नसते. म्हणूनच मुक्तिदात्याच्या उपस्थितीत निर्माण होणारी ही परतंत्रता पहिलीपेक्षा सूक्ष्म आहे. स्त्रीवादी समीक्षेने तिच्यावर बोट ठेवले, हे रास्तच झाले.

तथापि एवढ्यावर थांबल्यास घटनांमधील नायिका आणि घटना सांगणारी निवेदक यांची गल्लत होते. आत्मचरित्रात लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच असते, असा करार फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडला. नाव एक असले तरी काळ एक नसतो. १९१० मधील निवेदक अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. रानड्यांच्या मृत्यूला (१९०१) नऊ वर्षे लोटली आहेत. पुणे सेवासदनाची स्थापना (१९०९) होऊन गेली आहे. उलट उत्तर न देता सोसावे, ही पतीची शिकवण नायिकेने पाळली. निवेदक मात्र बोलते, आणि तिच्या बोलण्याची रीत लक्षणीय आहे. ती वडीलधाऱ्या स्त्रियांचे आक्षेप त्यांच्याच तोंडी, त्यांच्याच ठसक्यात येऊ देते. त्यांना सौम्य करीत नाही किंवा विद्रूपही करीत नाही. ज्याला प्रतिपक्षाचे भय उरले आहे तो प्रतिपक्षाला पूर्ण बोलू देत नाही. पतीच्या मौनाबाबतही हेच दिसते. पतीचे बरोबर होते अशी निवेदकाची श्रद्धा आहे. तरीही त्या रात्रीची घालमेल ती वजा करीत नाही. श्रद्धा आणि वेदना शेजारी-शेजारी ठेवल्या जातात. आत्मसंशय येथे नाहीसा झालेला नाही. तो सांगण्याजोगा झाला आहे. या संहितेतील आंतरिक स्वातंत्र्य ते हेच.

शीर्षकातील ‘आमच्या’ या सर्वनामाचा अर्थही या प्रकाशात बदलतो. तो आडोसा आहे, तसा दावाही आहे. पतीच्या आयुष्यावर ‘आमचे’ म्हणून हक्क सांगितल्याखेरीज स्वतःचे आयुष्य लिहिण्याची परवानगी त्या काळी मिळणे कठीण होते. ‘चरित्र’ न म्हणता ‘आठवणी’ म्हणण्यात विनय आहे, पण निवडीचा अधिकारही आहे : काय आठवायचे हे आठवणारीच ठरविते.

या स्वातंत्र्याच्या मर्यादा मात्र झाकू नयेत. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त आलेल्या निबंधात फुल्यांच्या शाळेतील मुक्ता ही मातंग मुलगी स्वतःविषयी शंका घेत नाही, तिची शंका धर्माला उद्देशून आहे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापली गेली तीही १८८२ मध्येच. तेथे संशयाचा रोख थेट पुरुषजातीकडे वळतो. या तुलनेत रमाबाईंचा आत्मसंशय उच्चवर्णीय सुधारक कुटुंबाच्या चौकटीतला आहे आणि पतीच्या मौनाच्या अधिकाराला तो प्रश्न विचारीत नाही. शिवाय पतीच्या मृत्यूपाशी निवेदन थांबते. रमाबाईंचे स्वतःचे सार्वजनिक कार्य ग्रंथाबाहेरच राहते.

परंतु बंड हेच ‘स्व’चे एकमेव लक्षण मानले तर एका संपूर्ण पिढीचे स्त्रीलेखन केवळ दस्तऐवज ठरेल. मुक्ता आणि ताराबाई यांनी संशय बाहेर वळविला. रमाबाईंनी तो आत ठेवून त्याच्याकडे निर्भयपणे पाहिले. दोन्ही कृतींचे मोल वेगळे आहे आणि एकीच्या मापाने दुसरी मोजणे अन्यायाचे आहे. ‘आठवणीं’चे पुनर्वाचन करताना, म्हणून, नायिका किती वेळा नमली यापेक्षा ते नमणे निवेदकाने कोणत्या स्वरात नोंदविले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरेल.