नाण्याचा कौल आणि पावसाचा कौल : बिन्सवांगर यांच्या प्रयोगाचे परीक्षण

कोरडवाहू शेतकरी नवे बियाणे किंवा खत वापरण्यास कचरला की त्याचे कारण त्याच्या भित्र्या स्वभावात शोधण्याची प्रवृत्ती जुनी आहे. या समजुतीची प्रयोगाने परीक्षा करणाऱ्या संशोधकांत हान्स बिन्सवांगर यांचे स्थान अग्रगण्य होय. ते कृषि-अर्थशास्त्रज्ञ; तथापि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषय निर्णयाचे मानसशास्त्र हाच आहे.

इक्रिसॅट संस्थेच्या ग्रामपाहणीतील सोलापूर, अकोला व महबूबनगर या जिल्ह्यांतील २४० कुटुंबे त्यांनी अभ्यासासाठी घेतली. खेळ साधा होता. पन्नास रुपयांच्या डावात खेळणाऱ्याने खात्रीचे पन्नास रुपये घ्यावेत, किंवा नाणेफेकीवर शून्य अथवा दोनशे रुपये पत्करावेत. या दोन टोकांच्या मधले पर्यायही त्याच्यापुढे असत. पैसे खरोखर दिले जात, आणि सर्वांत मोठी रक्कम अकुशल मजुराच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक होती. या मोठ्या डावांत बहुतेक सर्वांनी मध्यम सावधगिरीचाच मार्ग धरला. श्रीमंतीमुळे पडलेला फरक अल्प, आणि संख्याशास्त्रीय कसोटीवर न टिकणारा ठरला. केवळ काल्पनिक प्रश्न विचारून काढलेली उत्तरे मात्र या निष्कर्षाशी मुळीच जुळली नाहीत. मुलाखतींवर विसंबणाऱ्या संशोधकास हा मोठाच इशारा आहे.

या निष्कर्षाचे महत्त्व उघड आहे. सधन व निर्धन यांची मनोवृत्ती जवळजवळ सारखी असेल, तर त्यांच्या शेतीतील भेदाचे मूळ स्वभावात नसून पत, पाणी व साधने यांच्या विषमतेत शोधले पाहिजे. गरिबाच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच मनावर ठेवणारा युक्तिवाद येथे ढासळतो.

परंतु नाणे म्हणजे पाऊस नव्हे. नाण्याच्या दोन्ही बाजूंची शक्यता आधीच ठाऊक असते. मृगानंतर पावसाची उघडीप किती दिवस टिकेल हे कोणासच ठाऊक नसते. या डावातील सर्वांत वाईट फळ शून्य होते, तर दुबार पेरणीची वेळ आलेल्या शेतकऱ्याच्या माथ्यावर कर्ज उरते. काहनेमान व ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखविल्याप्रमाणे तेवढ्याच लाभापेक्षा हानी मनाला अधिक जड वाटते. शिवाय नाणेफेकीत एक हरला तरी शेजारी जिंकू शकतो. पावसाने दगा दिला तर सारे शिवार एकदमच हरते, आणि अडीनडीला उसने देणारा शेजारीही त्या दिवशी रिकाम्या हाताचा असतो.

याहून महत्त्वाचा आक्षेप सामाजिक वर्तनाविषयीचा आहे. प्रयोगात निवड एकट्याची होती. तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेवरील देगलूर तालुक्यात सोयाबीनमध्ये तुरीच्या किती ओळी घ्यावयाच्या, हा निर्णय एकट्याच्या मनात क्वचितच पुरा होतो. घरातील वडीलधारी माणसे, बी-खत उधार देणारा दुकानदार, बटईदार, शेजारच्या बांधावरील अनुभवी शेतकरी, या सर्वांचा त्यात वाटा असतो. तुरीच्या त्या ओळी ही सावधगिरीच असते. पण ती एका व्यक्तीचा स्वभावगुण नसून पिढ्यांनी घडविलेली रीत असते.

यास्तव बिन्सवांगर यांनी स्वभावदोषाचा आरोप खोडून काढला हे मान्य करावे. निर्णय कसा घडतो हा प्रश्न मात्र त्यांच्या प्रयोगाबाहेर राहिला, हेही तितकेच स्पष्टपणे नोंदवावे. देगलूर परिसरात या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावली तयार करण्यापूर्वी पेरणीच्या पंधरवड्यात गावी राहावे, आणि कोण कोणाला विचारतो व कोणाचा शब्द अखेर चालतो, याची नोंद प्रथम करावी. शेतकऱ्याची वृत्ती मोजण्याचा अधिकार त्यानंतरच प्राप्त होतो.