शीर्षबिंदूचा अर्थ

1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळाली आणि ‘नांव’, ‘पांच’, ‘तें’, ‘केलें’ यांसारख्या शब्दांवरील बिंदू प्रमाण लेखनातून गेले. ज्याचा उच्चार होत नाही ते लिहू नये, हे त्यामागील तत्त्व. मात्र येथे कोणाचा उच्चार गृहीत धरला आहे, हा प्रश्न उरतो. कोकणातील बोलींत हे आनुनासिक्य आढळते. लोपले ते प्रमाण मानल्या गेलेल्या बोलीत.

याच नियमावलीने बोलभाषेच्या चित्रणासाठी ‘असं केलं’ अशी सानुस्वार रूपे स्वीकारली. या बिंदूचा नाकाशी संबंध नाही. अंत्य अकार पूर्ण उच्चारावा, किंचित लांबवावा, एवढेच तो सांगतो. ‘घर’ आणि ‘घरं’ यांतील वचनभेद लेखनात केवळ त्याच्यावर उभा आहे. म्हणजे नासिक्याचे चिन्ह म्हणून निरोप दिलेला बिंदू स्वरचिन्ह म्हणून परतला. उच्चार हेच एकमेव प्रमाण असते, तर त्यासाठी वेगळे चिन्ह शोधावे लागले असते.

नव्या व्यवस्थेत लाभ निश्चित आहे. पूर्वी ‘घरांत’ हे रूप एकवचनी की अनेकवचनी, हे संदर्भावरून ठरवावे लागे. आता ‘घरात’ आणि ‘घरांत’ हा भेद डोळ्यांना दिसतो. परंतु नपुंसकलिंगी एकवचनी ‘तें’ आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते’ एकरूप झाले. व्यवहारात संदर्भ हा संदेह दूर करतो. कवितेत मात्र ‘तें’ अनेकदा एखाद्या अनाम, अमूर्त वस्तूकडे निर्देश करते. तेथे संदर्भ ओळीबाहेर शोधता येत नाही.

केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरांपर्यंतचे गद्य यांतील उतारे मुळानुसार छापावेत, पुढील लेखन नव्या नियमांनुसार, अशी सीमा नियमावलीने आखली. केशवसुतांचे निधन 1905 सालचे, मर्ढेकरांचे 1956 सालचे. दोघांचीही कविता नव्या नियमांपूर्वीची. तिच्या पुनर्मुद्रणात बिंदू गाळणारा संपादक शुद्धलेखन सुधारत नाही, पाठ बदलतो. शालेय पुस्तकात ही सोय क्षम्य ठरेल. चिकित्सक आवृत्तीत मात्र मूळ बिंदू राखले गेले पाहिजेत; अर्थनिर्णयाचा तो पुरावा आहे, आणि पुरावा नष्ट करण्याचा अधिकार संपादकाला नाही.