चाळिसावी नोंद

शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाची तेजोमेघांची यादी हें कांहीं ललित वाङ्मय नव्हे. तथापि तिच्यांतील ४० व्या नोंदीपाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे.

सप्तर्षींच्या भागांत एक तेजोमेघ असल्याचें हेवेलियसनें १७ व्या शतकांत नमूद केलें होतें. १७६४ सालीं मेसिएनें तो शोधला. पण तेथें त्यास नवव्या प्रतीचे दोन मंद तारे तेवढे शेजारीं शेजारीं आढळले. हेवेलियसला हेच तारे मेघासारखे भासले असावेत, असा त्यानें तर्क केला आणि तेजोमेघ नाहीं हें ठाऊक असूनहि त्यांस यादींत क्रमांक दिला.

धूमकेतु शोधणाऱ्यांची फसगत टळावी म्हणून केलेल्या यादींत या ताऱ्यांचें काय काम, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तो पटत नाहीं. साध्या दुर्बिणींतून हे तारे जेमतेमच वेगळे दिसतात, असें मेसिएनेंच लिहून ठेवलें आहे. म्हणजे फसगतीचें स्थळ तें हेंच!

खरा दोष दुसरीकडे आहे. हेवेलियसनें पाहिलेला तारा अंशभराहून दूरचा, निराळाच असावा, असें अलीकडील अभ्यासक मानतात. तसें असेल तर पूर्वसूरीची चूक दाखवितांना मेसिए स्वतःच चुकला. पुढें १८६३ सालीं विनेके यानें हीच जोडी पुन्हां हेरून जोडताऱ्यांत नोंदविली. २०१६ मध्यें गाया या अंतराळयानाच्या मापनांवरून असें दिसून आलें कीं, एक तारा सुमारें ११४० प्रकाशवर्षें दूर, तर दुसरा सुमारें ४७०. मेघ तर नव्हताच; आतां जोडीहि उरली नाहीं!

मग या नोंदींत टिकलें काय? मेसिएनें दिसलें तें दिसलें म्हणून व वाटलें तें वाटलें म्हणून लिहिलें. तर्क ढासळला तरी निरीक्षण उभें राहिलें. जुन्या ग्रंथांतील प्रमाद गुपचूप पुसून टाकणाऱ्या आमच्या संपादकांनीं हा धडा अवश्य घ्यावा. चूक खोडली कीं ती सुधारण्याची वाटहि पुसली जाते.

ज्यांच्या घरीं लहानशी दुर्बीण असेल, त्यांनीं वसंतांतील एखाद्या निरभ्र रात्रीं अत्रीच्या जवळपास ती रोखावी. दिसतील ते दोन फिकट ठिपके. परंतु त्यांत तीन शतकांची प्रामाणिक चूकभूल सांठविलेली आहे.